नाटकातली बाई मी का धाकली

ते नाटक मी दोनदा थेटरात बघितलं अन् एकदा तालमीला. पयल्या खेपेला त्यात मी व्हते. दुसऱ्या खेपेला माझं सगळं व्हतं, पण मी नव्हते. माझ्या जागी माझी धाकली जाऊ उभी व्हती. म्हणजे तिच्यासारखी चालणारी, तिच्यासारखी हसणारी एक पोरगी. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी शहरात, पुंडलिकनगरात पोरींच्या मेसमधी भाकरी-पोळ्या करते. आधी बांधकामावर व्हते, डोक्यावर माल वाहिला. गुडघे गेले तवा बसून करायचं काम धरलं. नवरा जाऊन लई वर्षं झाली. त्याच्या आधी आमची मेंढरं व्हती. पावसाळा सरला की बिऱ्हाड घोड्यावर टाकायचं अन् आमी गंगा म्हणतो त्या आमच्याकडच्या नदीच्या काठाकाठानं मेंढरामागं चालायचं. सासू-सासरा, दोघं भाऊ अन् आमी दोघी जावा. मी थोरली, ती धाकली.

मेसमधी एक पोरगी जेवायला यायची, नाटकाचं शिकणारी. बाकीच्या पोरी ताटं घेऊन टीव्हीसमोर जायच्या, ही माझ्या चुलीपाशी बसायची. चूल म्हणजे गॅसच, पण मी चूलच म्हणते.

एक दिवस म्हणली, "आजी, भाकरी थापताना तुम्ही काय पुटपुटता?"

"पुटपुटत नाय. किती पोरी राहिल्या ते मोजते."

ती हसली. मग तिनं पिठाच्या डब्यावर मोबाईल ठेवला अन् म्हणली, "आजी, तुमचं सांगा ना. मी लिहिते."

मी आठ दिवस काय सांगितलं नाय. कुठं कुठं चाललो, कुणाच्या रानात बसलो, एवढंच. नवव्या दिवशी सांगितलं. का सांगितलं ते पुढं येईल.

त्या साली आमी दोघी जावा एका महिन्यात बाळंत झालो. मला पोरगी, तिला पोरगं. माझी पोरगी तीन महिन्यांची झाली अन् खोकल्यानं गेली. आमी चालतीवर व्हतो, दवाखाना लांब. एका बांधाला तिला पुरलं अन् दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड पुढं निघालं. मेंढरं थांबत नायत. तिकडं जावेला ताप भरला, तिचं दूध आटलं. तिचं पोरगं रडून रडून निळं पडलं. माझी चोळी दुधानं भिजत व्हती, पण मला त्या पोराकडं बघवत नव्हतं. ते रडायला लागलं की मी मेंढरांत जाऊन उभी राहायची.

आमच्यात एक रीत हाय. मेंढीचं कोकरू मेलं अन् दुसरं एखादं पोरकं झालं, तर मेलेल्या कोकराचं कातडं सोलून पोरक्याच्या अंगावर बांधतात. मेंढी तोंडाकडं बघत नाय. कोकरू कासेला लागलं की ती मान वळवून त्याच्या शेपटीखाली हुंगते. आपला वास लागला तर पिऊ देते, नाय लागला तर ढुशी मारून लोटते.

सासूनं तेच केलं. माझ्या पोरीची कुंची अन् टोपडं न धुता ठेवलेलं व्हतं. ते जावेच्या पोराला घातलं अन् माझ्या मांडीत आणून टाकलं. बोलली काय नाय. मला वास आला. मी पदर सारला.

जावेचा ताप उतरला पण दूध फिरून आलं नाय. दीड वरीस मी पाजलं. मग सासूनं माझ्या हातात भंडारा दिला अन् आण घातली. म्हणली, "पोराला हे कवा सांगायचं नाय. दोन आया कळल्या की पोरगं कुणाचंच राहत नाय." मी भंडारा कपाळाला लावला अन् गप राहिले. मला पुढं मूल झालं नाय.

ते पोरगं आता गारखेड्यात राहतं. कंपनीत हाय, फ्लॅट हाय, लिफ्ट हाय. त्याची आई त्याच्यापाशी. मला मोठीमाय म्हणतो, सणाला साडी आणतो, चांगला हाय. पण नुसती माय ती. मोठीमाय मी. इतकी वर्षं त्यातला ‘मोठी’ हा शब्द मला खड्यासारखा लागला.

म्हणून नाटकवालीला सांगितलं. आण पोराला न सांगायची व्हती. नाटकाला सांगू नको असं सासू कुठं म्हणली व्हती? पोरगं नाटक बघंल, त्याचं त्याला समजंल, अन् माझ्या तोंडून काय निघालेलं नसंल. एवढा डाव मी मनात धरला.

पोरीनं महिनाभर लिवलं. एका दुपारी मेस रिकामी झाल्यावर मला वाचून दाखवलं. लहान नाटक व्हतं, तासाभराचं. त्यात थोरली व्हती, धाकली व्हती, सासू व्हती. थोरली म्हणजे मी. मी कमी बोलते तशी ती बी कमी बोलत व्हती. वाचून झाल्यावर पोरगी डोळे पुसत व्हती. मला म्हणली, "आजी, कसं वाटलं?"

म्हणले, "घोड्याचा रंग चुकला."

खरं तर मला लई बरं वाटलं व्हतं. आपण जगलो ते कुणीतरी वहीत नीट मांडून ठेवलंय, सगळं माझ्या वाट्याला आलेलं, दुसऱ्या कुणाच्या नाय. पण असं तोंडावर सांगता येत नाय.

ते नाटक कॉलेजांच्या स्पर्धेत झालं. मेसच्या पोरींनी मला रिक्षात घालून नेलं. पोराला मी निरोप धाडला व्हता. त्याला सुट्टी मिळाली नाय. टेजावर थोरलीनं लेकरू मांडीत घेतलं तवा माझ्या मागं एक बाई हुंदके देत व्हती. मी मागं वळून बघितलं. कुणीतरी माझ्यासाठी रडतंय, हे मी पयल्यांदा बघत व्हते. नाटकाला बक्षीस मिळालं. पोरगी कप घेऊन मेसमधी आली, त्यात तिनं पेढे भरले व्हते.

मग ती म्हणली, "आजी, आता मोठं नाटक करायचंय, दोन अंकी. तुमच्या जाऊबाईंना भेटवता का?"

इथं मी चुकले. मीच नेलं तिला गारखेड्याला. मला वाटलं पोरानं बघावं, नाटक लिवणारी पोरगी माझ्या शेजारी बसून आली. पोरगा कामावर गेलेला. जावेनं दार उघडलं.

"या या. बाई, तुमी कशा काय? लिफ्टनं आल्या का भ्यात भ्यात जिन्यानं?"

"जिन्यानं," मी म्हणले.

"बघा, चाळीस वरीस झाले, अजून पायावरच भरवसा."

अन् बसली बोलायला. सासऱ्याचं सांगितलं. सासरा घोड्याला भ्यायचा, पण ओझं तर त्याच्यावरच लादायचं. म्हणून तो घोड्याला अहो-जाहो करायचा. जाऊ उठून उभी राहिली अन् सासरा करून दाखवला, पाठीत वाकून, हात जोडून. "अहो, उठता का? ऊन झालंय. उठा की, बायामाणसं खोळंबली." पोरगी एवढी हसली की कपातला चहा तिच्या मांडीवर सांडला. मग जाऊ घोडा झाली, मग सासू झाली. पोरीचा मोबाईल चालूच.

सासरा मी बी बघितला व्हता. तोच घोडा, तीच सकाळ. मला त्यात हसण्यासारखं कवा काय दिसलं नाय.

रिक्षात पोरगी म्हणली, "आजी, त्या किती भारी बोलतात!"

"व्हय. तिला फुरसत व्हती."

दुसऱ्या दिवशी तिच्या ताटात मी करपलेली भाकरी वाढली. तिनं मुकाट्यानं खाल्ली. तिसऱ्या दिवशी बी करपलेलीच वाढली.

त्याच्यानंतर ती सुट्टीच्या दिवशी गारखेड्याला जायला लागली. मला सांगायची, आज जाऊबाईंनी हे सांगितलं, ते सांगितलं. चुलीपाशी बसायची ती माझ्याकडं बघून, पण गोष्टी तिकडच्या. मी भाकऱ्या मोजत राहायची. अन् एक दिवस जेवायच्या आधीच येऊन बसली. तोंड उतरलेलं.

"आजी, एक सांगायचंय. सर म्हणाले, दोन बायका लोकांच्या लक्षात राहत नाहीत. एकच केलीय." सर म्हणजे नाटक बसवणारा.

"कोणती ठेवली?"

"दोघी मिळून एक."

"हसणं कुणाचं?"

"त्यांचं."

"अन् मेलेलं लेकरू?"

"तुमचं."

"मग पाजलं कुणाला? दुसरी जाऊ कुठं गेली?"

"ती नाटकात तापानं मरते. ही बाई तिचं पोर वाढवते."

"जिती हाय तिला मारलं. अन् तिचंच हसणं माझ्या तोंडावर चिकटवलं."

"नाटक तुमचंच आहे, आजी."

"मग मला इचारलं का नाय?"

त्या दिवशी तिनं भाकरी मागितली नाय अन् मी वाढली नाय.

पुढच्या महिन्यात, नाटकात त्या बाईचं काम करणारी पोरगी मला भेटायला आली. ती आठ दिवस जावेकडं जाऊन आली व्हती. गल्लीतून येताना मी तिला खिडकीतून बघितलं अन् माझ्या हातातली परात थांबली. कमरेवर हात, एक खांदा वर, हसताना पदर दातात. माझी जाऊच तरणी होऊन चालत आल्यासारखी.

म्हणली, "आजी, कोकराचं तेवढं तुमच्याकडून शिकायचंय. त्या म्हणाल्या, त्यात तुमचा हात धरणारं कुणी नव्हतं."

जावेनं असं म्हणावं याचा बी मला राग आला.

कातडं कसं बांधायचं ते मी खरं सांगितलं. मग तिनं इचारलं, "कोकरू मेंढीजवळ न्यायचं कसं?"

मी म्हणले, "तोंडाला तोंड लावायचं. मेंढी त्याचं तोंड चाटते, डोळ्यात बघते, मग पाजते."

"किती सुंदर!" ती म्हणली.

माझा हात पिठात व्हता, तो तसाच ठेवला. मनात म्हणले, मेंढरामागं हिंडलेला एक जरी माणूस थेटरात आला तर फिदीफिदी हसंल, अन् सगळ्यांना कळंल ही बाई खोटी हाय.

मोठ्या नाटकाचा खेळ दुपारचा व्हता. या खेपेला पोरगा आला. आईला गाडीवर घेऊन आला, मी मेसच्या पोरींबरोबर. आमी असे बसलो: पोरगा, मग जाऊ, मग मी. कोकराची जागा आली. घोंगडीच्या तुकड्याचं कोकरू केलेलं, अन् मेंढी झालेला एक माणूस घोंगडी पांघरून बसलेला. त्या पोरीनं कोकराचं तोंड मेंढीच्या तोंडाला लावलं अन् धरून ठेवलं, लई वेळ. सगळं थेटर गप. मग टाळ्या, अशा टाळ्या की छत हालावं. कुणी हसलं नाय. नाटकातली सगळ्यात चांगली जागा तीच ठरली. पुढं पेपरात फोटो आला तो बी तोंडाला तोंड लावलेलाच.

हसली एकच. जाऊ माझ्या शेजारी पदर दातात धरून गदगद हालत व्हती.

"बाई, हे कुणी शिकवलं? मेंढी मुके घेती व्हय?"

"मला काय म्हाईत."

"तुमाला म्हाईत नाय तर कुणाला? मुद्दाम शिकवलं ना?"

मी टेजाकडं बोट दाखवलं.

मग लेकराची जागा आली. जावेच्या चालीची ती पोरगी मांडी घालून बसली अन् तिनं मेलेल्या जावेचं पोर पदराखाली घेतलं. इकडं आमच्या पोराच्या डोळ्यातून पाणी आलं. त्यानं आईचा हात धरला. म्हणला, "माय, कुणाचं लेकरू पाजलं व्हतं गं तू? कवा बोलली बी नाय."

"नाटक हाय बाबा ते," जाऊ म्हणली. एवढंच. त्याला वाटलं आई मोठेपणा घेत नाय.

खेळ संपल्यावर जावेला टेजावर बोलावलं. शाल दिली, नारळ दिला. पोरगा वर गेला अन् सगळ्यांसमोर तिच्या पाया पडला. मग कुणीतरी म्हणलं, "या त्यांच्या थोरल्या जाऊबाई," अन् मला एक गुलाब दिला. तो गुलाब मी रिक्षात सोडून दिला. घरी येऊन दोन घास खाल्ले. भांडी घासली.

थोड्या दिवसांनी नाटकाला एका गावच्या जत्रेतून बोलावणं आलं, आमच्याच लोकांच्या. तिथल्या एका म्हाताऱ्यानं पेपरातला फोटो बघून पोरीला फोनवर झापलं व्हतं. ती पळत माझ्याकडं आली.

"आजी, ते म्हणतात मेंढी शेपटीकडं हुंगते. तुमच्याकडून चुकून सांगायचं राहिलं का?"

"चुकून नाय. मुद्दाम."

"का?"

"आधी जेव. उद्या तालमीला येते, दाखवते."

तालीम औरंगपुऱ्यात, एका शाळेच्या वरच्या खोलीत. रविवार व्हता. पोरगा आईला घेऊन आला व्हता, त्यांना बी बोलावलेलं. मी गुडघे धरून खाली बसले अन् काम करणाऱ्या पोरीला म्हणले, "आज तूच मेंढी हो." ती हाताच्या अन् गुडघ्याच्या भारावर उभी राहिली. सगळे हसले. मी कपड्याचं कोकरू घेतलं, त्याचं तोंड खाली कासेकडं केलं अन् बूड तिच्या नाकाकडं.

"हुंग आता. बघू नको, हुंग. तोंडाला काय करायचंय? तोंड सगळ्या कोकरांचं सारखंच."

ती हुंगली. तिचा चेहरा बदलला. खोलीत कुणी हसेना.

तवा जाऊ म्हणली, "एवढं म्हाईत असून त्या पोरीला तोंडाला तोंड शिकवलं. का शिकवलं ते सांगू?"

"गप बस," मी म्हणले.

"लई बसले गप." अन् ती उठली. सासू केली तिनं, कमरेत वाकलेली, हातात लेकरू, इकडं तिकडं बघत येणारी. टोपडं बांधून दाखवलं. माझ्यासमोर आली अन् रिकामे हात माझ्या मांडीवर ठेवले. "ह्या बाईच्या मांडीत टाकलं. मला थेंब नव्हता. दीड वरीस हिनं पाजलं. अन् ते लेकरू तिथं खुर्चीत बसलंय."

सगळ्यांनी खुर्चीकडं बघितलं. पोरगा तसाच बसलेला, हातात गाडीची चावी.

मी म्हणले, "आण व्हती ना?"

"आण तुमाला व्हती, मला नाय. मी आपली भ्याले. पोरगं तुमच्याकडं जाईल म्हणून इतकी वर्षं भ्याले. तो तुमच्याकडं साडी घेऊन यायचा तवा बी घड्याळ बघत बसायची."

मला तवा हे ऐकून बरं वाटायला पाहिजे व्हतं. नाय वाटलं. चाळीस वरीस जे मी दाताखाली धरलं ते तिनं दोन मिनिटांत सांगून टाकलं, अन् माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. काम करणारी पोरगी रडत व्हती. नाटक बसवणारा म्हणला, "हे पाहिजे, हे असंच पाहिजे." सांगणं बी तिचंच झालं. नाटकवालीनं पिशवीतून वही काढली.

"वही आत ठेव," मी म्हणले. तिनं ठेवली.

पोरगा उठला. माझ्याकडं आला, वाकला, पण पाया पडला नाय. मला हाताला धरून उठवलं. मग म्हणला, "मोठीमाय, तू इथंच थांब. मायला घरी सोडून येतो, तिला ऊन सोसत नाय."

अन् तिलाच आधी नेलं.

मी खाली येऊन शाळेच्या पायरीवर बसले. समोर बाजार, गाड्यांची गर्दी. मनात म्हणले, कळलं काय अन् नाय कळलं काय, गाडीवर आधी तीच. दोन रिक्षावाल्यांनी इचारलं, "आजी, चलना है?" मी नाय म्हणले. तिसऱ्याच्या वक्ताला उठणार व्हते, तेवढ्यात तो आला. सोबत पाण्याची बाटली आणली व्हती. मी पाणी प्याले अन् मागं बसले.

सिग्नलला गाडी थांबली तवा मागं न बघता त्यानं इचारलं, "तिचं नाव काय ठेवलं व्हतं?"

बारसं झालं व्हतं माझ्या पोरीचं. नाव मीच ठेवलं व्हतं. इतक्या वर्षांत ते मला कुणी इचारलं नव्हतं. नवऱ्यानं परत कवा काढलं नाय, जावेनं नाय, अन् दोन वह्या भरणाऱ्या त्या पोरीनं बी नाय. मी पुढं वाकून त्याच्या कानात सांगितलं. मागनं हॉर्न वाजायला लागले. "काय?" म्हणला. मी फिरून सांगितलं, या खेपेला जरा मोठ्यानं.

दुसऱ्या दिवशी नाटकवाली चुलीपाशी येऊन बसली. "आजी, मी परत दोन बायका लिहितेय. काल वाटेत दादा काय म्हणाले? सांगा ना."

"गाडी नीट चालव म्हणले मी त्याला."

"बस, एवढंच?"

"एवढंच," मी म्हणले, अन् तिच्या ताटात भाकरी टाकली. ती करपलेली नव्हती. नाव मी तिला सांगितलं नाय. ते नाटकात जाणार नाय, जावेच्या तोंडी जाणार नाय, अन् इथं बी लिवणार नाय.